तहानलेली मुळं

लग्न ठरताना माझी एकच अट होती आणि ती सगळ्यांनी हसत मान्य केली. वर्षभर सासरी राहायचं, मग पुण्याला परत जाऊन प्रबंध पुरा करायचा. होणारा नवरा म्हणाला, "वर्ष कशाला? सहा महिन्यांनीच जा." सासूबाई म्हणाल्या, "शिकल्याली सून करतोय, ती काय चुलीम्होरं बांधून घालायला व्हय?" बैठक हसली, मीही हसले.

मी जीवरसायनशास्त्रात संशोधन करत होते. पेशी दुभंगते कशी, हा माझा विषय. एवढी वर्षं तो शिकवल्यामुळे आता मला तो सोपा करून सांगता येतो, तेव्हा येत नव्हता. पेशी बराच काळ नुसती बसून असल्यासारखी दिसते. आतल्या आत मात्र ती आपलं सामान दुप्पट करत असते. मग कधीतरी तिच्यात गुणसूत्रांचे धागे दिसू लागतात, ते मध्यावर एका ओळीत येतात, दोन्हीकडे ओढले जातात आणि एकीच्या दोन पेशी होतात. ती वेळ कशी ठरते? दुभंगण्याच्या जरा आधी पेशी काही खास तयार करते का? मला ते शोधायचं होतं. अडचण अशी की कांद्याच्या एका मुळाच्या टोकाला असंख्य पेशी असतात आणि प्रत्येकीची घटका वेगळी. सगळ्या एकदम त्या टप्प्यावर आल्या, तरच त्या वाटून त्यांच्यातला रस तपासण्यात अर्थ होता. माझे सर म्हणायचे, "भरल्या बाजारात सगळ्यांना एकाच वेळी शिंक आणायची आहे आपल्याला." त्यासाठी औषधं होती, पण ती परदेशातून मागवावी लागत आणि त्यांनी पेशी आजारी पडत. सहा महिने मी त्या औषधांशी झुंजले आणि मग लग्न करून आले.

नवरा प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर होता. बेलापूरचा बाजार जवळ. कॉलनीत एकसारखी बैठी क्वार्टर्स, पुढे व्हरांडा, मागे न्हाणी आणि कपडे वाळत घालायला दोरी. हंगामात चिमणीची काजळी त्या कपड्यांवर पडे आणि मळीचा गोड आंबूस वास उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचे. पाळी बदलली की भोंगा होई. कॉलनीतल्या बायका घड्याळाकडे बघत नसत. भोंगा झाला की कुकर, भोंगा झाला की डबा. पहिल्या महिन्यात मला त्याची गंमत वाटली. मी ट्रंकेतून पुस्तकं बाहेरही काढली नव्हती. वर्षभरासाठी काय काढायची?

पहिल्याच हंगामात एका सकाळी सासूबाई मागच्या दारी लुगडं वाळत घालत होत्या. ओलं लुगडं दोरीवर टाकायला त्यांनी हात वर नेला आणि तशाच त्या लुगड्यासकट खाली बसल्या. मी धावले. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि त्या माझ्याकडे, मी कुणी अनोळखी बाई असल्यासारख्या, बघत होत्या. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली.

वाचा गेली म्हणजे अगदीच गेली नाही. एक शब्द उरला. "चला." तहान लागली की "चला", पाठ दुखली की "चला", राग आला की "चला", नातेवाईक भेटून निघाले की त्यांना निरोप म्हणूनही "चला". डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मेंदूत एखादाच शब्द अडकून राहतो. जिला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती, तिच्याकडे नेमका हाच शब्द राहावा! सुरुवातीला मला तो ऐकवत नसे. पुढे त्याच्या वेगवेगळ्या चाली मला ओळखू यायला लागल्या.

नणंद कोरडवाहू भागातल्या कर्जतहून आली. ती माझ्या नवऱ्याहून मोठी, शेतात राबणारी, ठसठशीत बोलणारी. पंधरवडा राहून तिने मला सगळं शिकवलं. अंग कसं पुसायचं, चादर न उचलता कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी पालटायची. जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाली, "वयनी, माझं घर तितं अडलंय. तुमी हाय म्हनून जीवाला घोर न्हाई."

तिने ते प्रेमाने म्हटलं होतं. पण त्या वाक्याने माझ्या पायात जे काही अडकवलं ते पुढे निघेना. वर्ष संपलं त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. भांडायला समोर कुणीतरी दोषी हवं ना. नवरा पाळीवरून आला की आईजवळ बसे, तिचे पाय चेपे, माझ्या हातचं निमूटपणे जेवे. सासूबाईंनी आजारपण मागून घेतलं नव्हतं. नणंदेला तिचा संसार होता. सगळी माणसं चांगली होती आणि मी घराबाहेर पडू शकत नव्हते.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावात नवं कॉलेज निघालं. प्राचार्य स्वतः घरी आले. धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. "बाई, सायन्सचं एम.एस्सी. झालेलं माणूस पंचक्रोशीत मिळत नाही. सकाळचे दोन तास द्या," असं म्हणाले. शेजारच्या काकू तेवढा वेळ सासूबाईंपाशी बसायला तयार झाल्या. मी कारखान्याच्या गाडीतून जायची आणि दहाच्या आत परत यायची. मी ते दोन तास कधी चुकवले नाहीत, तापातसुद्धा.

कॉलेजात एक सूक्ष्मदर्शक होता. कुणी देणगीदाराने दिलेला, परदेशी, उत्तम. तो प्राचार्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलपाआड असे. पाहुणे आले की टेबलावर मांडायचा, त्याला झेंडूचा हार घालायचा आणि पाहुणे गेले की पुन्हा कपाटात.

मी एकदा विचारलं, "सर, मुलांना दाखवायला तो मिळेल का?"

"मुलांना आकृती दाखवा, बाई. फळ्यावर काढा. तुमची चित्रकला सुंदर आहे."

"आकृतीत आणि प्रत्यक्षात फरक असतो, सर."

"वस्तू नाजूक आहे. आपल्या मुलांचे हात नांगराचे."

पुन्हा विचारलं तर म्हणाले, विचार करू. तिसऱ्यांदा विचारण्याऐवजी मी पुढच्या पाहुण्यांच्या दिवसाची वाट पाहिली. समारंभ संपल्यावर हार काढायच्या निमित्ताने नळीतून डोकावले. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले होते.

"सर, याला बुरशी लागलीय," मी म्हणाले. "आणखी एक पावसाळा कपाटात काढला तर तो फक्त हार घालण्यापुरताच उरेल."

प्राचार्यांनी स्वतः डोळा लावून पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं. "मग आता? काय उपाय?"

"साफ करायचा आणि रोज वापरायचा. उजेड, वारा लागला की बुरशी धरत नाही."

त्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या हातात आली. आणि दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्याने भरलेल्या पेल्यांवर कांदे मांडले.

मुळं फुटली की त्यांची टोकं कापून स्पिरिट आणि आम्लाच्या मिश्रणात टाकायची, म्हणजे पेशी ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत थिजतात. मग त्यांना रंगवून काचेवर अंगठ्याने दाबायचं आणि बघायचं. हे सगळं स्वयंपाकघरात होण्यासारखं होतं. स्पिरिट तेवढं हवं होतं. कारखान्याची डिस्टिलरी होती. नवऱ्याने तिथल्या प्रयोगशाळेतून रीतसर विचारून एक बाटली आणून दिली. ती मी फळीवर लोणच्याच्या बरणीमागे ठेवली.

शेजारच्या काकूंनी एक दिवस सासूबाईंना भरवताना लोणचं शोधलं. हाताला बाटली लागली, त्यांनी बूच काढून हुंगलं आणि जशीच्या तशी ठेवून दिली. मला एका शब्दाने काही विचारलं नाही. चार दिवसांनी हळदीकुंकवाला गेले तर माझ्याभोवतीची बोलणी थांबली. चीफ केमिस्टच्या बायकोने मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आजाऱ्याचं करताना थकवा येतो, मला कळतं. पण बाईमाणसाने जपून घ्यावं हो. सवय लागते."

मला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा मी म्हणाले, "अहो, ते मुळांसाठी आहे."

"कशाच्या?"

"कांद्याच्या."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. एवढ्या कॉलनीत माझ्या घरात ती बाटली असण्याचं दुसरं कारण कुणाला सुचू शकलं नव्हतं, आणि मी सांगितलेलं खरं कारण तर त्याहून वेडगळ ठरलं होतं.

सासूबाईंचा पलंग मी स्वयंपाकघराच्या दारासमोर हलवला होता, म्हणजे काम करता करता लक्ष ठेवता यायचं. त्यांच्या नजरेसमोर खिडकीतले पेले असत. दिवसभर त्या ती पांढरी मुळं बघत. मी कापायला घेतली की "चला" म्हणत. ती चाल मला ओळखू येत नव्हती. तिच्यात राग होता की कुतूहल, ते मला कधी कळलं नाही.

मग तो दुष्काळ आला. आमच्या बागायती पट्ट्यात दुष्काळ ही दुसऱ्यांकडची गोष्ट मानत. भंडारदऱ्याचं पाणी कालव्याने येणार, ऊस उभा राहणार, हे उद्याच्या सूर्यासारखं ठरलेलं होतं. त्या वर्षी कालवा कोरडा पडला. उसाला तुरे येण्याआधीच तो वाळला आणि कारखान्याने हंगाम लवकर आटोपला. चिमणी थंड झाली, भोंगा बंद झाला. कॉलनीतल्या बायका वेळेला चुकू लागल्या. रस्त्याकडेला खडी फोडायच्या कामावर माणसांच्या रांगा लागल्या, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, आली. कॉलेजच्या विहिरीने तळ गाठल्यावर सुट्टी वेळेआधीच लागली. प्राचार्य गावी निघाले. सूक्ष्मदर्शक रिकाम्या इमारतीत ठेवायचा त्यांना धीर होईना, म्हणून तो स्वतः माझ्या घरी आणून ठेवला. "बाई, हे आपल्या कॉलेजचं दैवत आहे, सांभाळा," असं म्हणाले.

कॉलनीत टँकर येई तेव्हा येई. आलेल्या पाण्यात आधी सासूबाईंचं अंग पुसणं, त्यांच्या चादरी, मग पिण्याचं, मग स्वयंपाक. कांद्यांचा नंबर लागत नव्हता. एकदा टँकर आलाच नाही. पेल्यांतलं पाणी आटून मुळं हवेत लोंबायला लागली, मलूल झाली. मी ती बघत होते आणि घागरीच्या तळाशी असलेलं पाणी मला त्यांना देता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा आता गेलीच आहेत तर जाऊ देत, असं म्हणत मी पेले भरले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुळं पुन्हा ताठ झालेली दिसली. हाताला चाळा म्हणून मी टोकं कापली, रंगवली आणि व्हरांड्यातल्या उन्हात सूक्ष्मदर्शकाचा आरसा फिरवून डोळा लावला.

एरवी बसलेल्या पेशींच्या रांगांमधून दुभंगणारी पेशी हुडकावी लागायची. आता हुडकायचं कारणच नव्हतं. नजर नेईन तिथे धागे. त्यातले बहुतेक मध्यावर ओळीत येऊन उभे, जणू कुणीतरी सगळ्यांना एकदम हाक मारली होती. मी दुसरं टोक दाबलं, तिसरं दाबलं. तेच. तहानेने सगळ्या पेशी एका जागी थबकल्या होत्या आणि पाणी मिळताच एकदम निघाल्या होत्या. परदेशी औषधांना सहा महिन्यांत जे जमलं नव्हतं, ते न आलेल्या टँकरने केलं होतं.

त्यानंतर मी मुद्दाम कांदे तहानलेले ठेवू लागले. किती वेळ ठेवले तर मरतात, किती ठेवले तर सावरतात, सगळं बघितलं. फाटकासमोरून डोक्यावर रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया जात असत आणि मी व्हरांड्यात बसून तहानेवर खूष होत होते. सूक्ष्मदर्शकावरून नजर वर गेली की ती खाली घालावीशी वाटे.

नवऱ्याला दाखवलं. त्याने बराच वेळ डोळा लावला. "रांगोळीसारखं आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आता पुढे?" पुढे काय ते त्यालाही माहीत होतं, मलाही. पुढचं काम या घरात होणारं नव्हतं. त्याला शीतगृह लागतं, वेगाने फिरणारी यंत्रं लागतात, मोजमाप लागतं.

उन्हाळ्यात माझे पुण्याचे सर सपत्नीक शिर्डीला निघाले होते. वाटेत आमच्याकडे जेवायला थांबले. मी मिलोच्या भाकरी केल्या त्याची लाज वाटत होती, पण सरांनी त्या आवडीने खाल्ल्या. जेवण झाल्यावर त्यांना व्हरांड्यात नेलं आणि काहीच न सांगता काच लावून दिली. ते वाकले. काच हलवली. पुन्हा हलवली. त्यांची पत्नी दारात उभी राहून कंटाळली, आत गेली, तरी ते वाकलेलेच.

"कोणतं औषध वापरलंस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही, सर. पाणी तोडलं आणि परत दिलं."

ते उठून बसले. रुमालाने चष्मा पुसत राहिले. "जूनमध्ये माझ्याकडे एक जागा आहे. त्यापुढे मला ती राखता येणार नाही. ये." मग आतल्या पलंगाकडे नजर गेली तेव्हा आवाज उतरवून म्हणाले, "नाहीच जमलं, तर या काचा मला दे. प्रयोगशाळेतला दुसरा कुणीतरी पुढचं करील. तुझं नाव राहील, ती माझी जबाबदारी."

त्यांचा हेतू सरळ होता. मी म्हणाले, "कळवते." काचांची पेटी मात्र मी त्यांच्या समोरून उचलून आत नेऊन ठेवली. आतून सासूबाई बघत होत्या.

सर गेल्यावर मी नवऱ्याशी बोलले. "मी तुला अडवत नाही," तो म्हणाला.

"मग आत्याबाईंचं कोण बघणार?" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

"तेच तर."

"कर्जतला आक्काला विचारायचं का?"

"तिच्याकडे प्यायला पाणी नाही. सासरची चार माणसं. कोणत्या तोंडाने विचारू?"

तो अडवत नव्हता आणि सोडवतही नव्हता. त्याच आठवड्यात डॉक्टर तपासायला आले. नाडी, छाती बघून खुषीत म्हणाले, "काळीज घोड्यासारखं आहे. आजी अजून दहा वर्षं काही हलत नाहीत." नवऱ्याचा चेहरा उजळला. मी डॉक्टरांसाठी चहा टाकायला आत गेले आणि दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी तिथे उभी होते. कढईत, पातेल्यात, पेल्यात, जिथे बघीन तिथे मला त्या पेशी दिसत होत्या, पाणी तोडल्यावर बसून राहिलेल्या.

जूनला थोडे दिवस उरले असताना ते घडलं. सकाळी पेजेचा चमचा सासूबाईंच्या तोंडाशी नेला तर त्यांनी दात घट्ट आवळले. मी म्हटलं, पोट जड असेल. दुपारी तेच. रात्री तेच. चमचा जवळ नेला की मान भिंतीकडे फिरवत आणि "चला!" म्हणून ओरडत. ही चाल नवीन होती. काकू आल्या, त्यांनी वाटी घेतली. त्यांच्या हातून चार घास गेले. नवऱ्याच्या हातून सगळी वाटी संपली. माझ्याच हाताला नकार होता.

दुसऱ्या दिवशीही तसंच. मी वाटी ठेवून त्यांच्या पलंगाशी बसले. "आत्याबाई, माझं काय चुकलं? सर आले म्हणून राग आला का? मी नाही जात कुठे." त्यांनी डोळे मिटून घेतले. मी अंग पुसायला गेले तर चांगल्या हाताने माझं मनगट धरून बाजूला सारलं. त्या हातात अजून बराच जोर होता. दीड वर्ष मी त्यांची कूस पालटली होती. त्या एका ढकलण्याने मला वाटलं, ते सगळं त्यांनी परत केलं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने कर्जतला निरोप पाठवला. नणंद आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "वयनी, आईला काय क्येलं तुमी?"

"मी काही केलं नाही, आक्का."

"मंग ती अशी कशापाई करती? काय बोललात का तिला?"

नवरा मध्ये पडला. नणंद त्याचं ऐकेना. तिने वाटी घेतली, आईच्या उशाशी बसली आणि आई घटाघटा पेज प्यायली. मुलीच्या पदराचं टोक चांगल्या हाताने मुठीत धरलं ते सोडेना. "चला," म्हणाली, अगदी हलक्या आवाजात, दोनदा.

नणंद रडायला लागली. डोळे पुसून उठली. "मी नेते हिला. उपाशी मरायला ठिवू का हितं? जे आमी खाऊ ते ती खाईल."

"आक्का, तुमच्याकडे पाणी..."

"तुमी पान्याचं मला सांगू नका, वयनी."

दोन दिवसांनी कारखान्याच्या जीपमध्ये मागे गादी घालून सासूबाईंना कर्जतला नेलं. मी फाटकाशी उभी होते. जीप वळेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कॉलनीतले पडदे हलत होते. संध्याकाळपर्यंत एकच गोष्ट सगळीकडे झाली होती: इंजिनिअरसाहेबांच्या बायकोने सासूला घास गिळवेना असं केलं आणि शेवटी घराबाहेर काढलं. कुणी तोंडावर म्हटलं नाही, त्यामुळे मला कुणाला उत्तरही देता आलं नाही.

जूनमध्ये मी पुण्याला गेले. नवऱ्याने एसटीत ट्रंक चढवून दिली, सूक्ष्मदर्शक आदल्या दिवशी प्राचार्यांकडे पोचवला होता. ज्या दिवसाची मी एवढी वाट पाहिली तो दिवस मला आठवतो तो फक्त त्या ट्रंकेच्या वजनाने. वसतिगृहाच्या खोलीत पहिले कित्येक दिवस कूस पालटायच्या वेळेला मी दचकून उठायची, अंधारात हात पुढे करायची. प्रयोगशाळेत कुणी मोठ्याने बोललं की वाटे, आतून हाक आली. शीतगृहाचं जाड दार मागे बंद होणं मला सोसत नसे. तिथे काम करताना मी दार किंचित उघडं ठेवायची आणि सगळ्यांची बोलणी खायची.

दिवाळीला नवऱ्याबरोबर कर्जतला गेले. जायचा धीर होत नव्हता. नणंदेने या म्हटलं, पाणी दिलं, फार बोलली नाही. सासूबाई पडवीत बाजेवर होत्या. समोर अंगण, शेळ्या, येणारी-जाणारी माणसं, नणंदेच्या चुलत सासऱ्यांची खोकल्याची उबळ. थोड्या वाळल्या होत्या, पण चेहरा स्वच्छ होता. जेवायच्या वेळी नणंदेने भाकरी-दूध कुस्करलेली वाटी उचलली, एक क्षण थांबली आणि माझ्या हातात दिली. तिला खात्री करून घ्यायची असावी. मी बसले. चमचा पुढे केला. सासूबाईंनी माझ्याकडे बघत तोंड उघडलं. एक, दोन, वाटी संपेपर्यंत. काही झालंच नसल्यासारखं.

"मंग तवा काय झाल्तं गं तुला?" नणंदेने आईला विचारलं. आवाज कठोर करायचा तिने प्रयत्न केला. आईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अंगणातल्या शेळीकडे बघत राहिली.

परतीच्या एसटीत नवरा म्हणाला, "तुला सोडवायला केलं तिने." मला तेव्हा ते पटलं आणि मी खूप रडले. पुढे तेवढं पटेनासं झालं. त्या दीड वर्षात अडकलेली मी एकटीच आहे, असं मी धरून चालले होते. त्या खोलीत, त्या दारासमोर, त्या मुळांकडे बघत त्याही होत्याच. त्यांना मुलीकडे जायचं असेल. माझ्या निगुतीने केलेल्या, हसू नसलेल्या सेवेचा त्यांना वीट आला असेल. की तिन्ही? ज्या बाईला एकच शब्द उरला होता, तिच्याकडे मनाजोगं काही घडवून आणायला दुसरा मार्ग तरी काय होता? त्या पुढे तीन वर्षं जगल्या, कर्जतलाच. मी प्रत्येक सुट्टीत जाऊन भरवायची आणि त्या खायच्या. नणंद माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागली, पण त्या तीन दिवसांबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

प्रबंध झाला. पाणी तोडायची माझी पद्धत छापून आली, थोडीफार वापरली गेली. मी शोधत होते ते रसायन मला मिळालं नाही. पेशीला उंबरठ्यावरून ढकलणारी प्रथिनं पुढे दुसऱ्यांना, दुसऱ्या देशांत, यीस्टमध्ये आणि समुद्री जिवांच्या अंड्यांमध्ये सापडली. बातमी वाचली त्या दिवशी मी वर्गावर होते आणि तास पुरा केला. नवऱ्याची पुण्याला बदली व्हायला बरीच वर्षं गेली. तोवर तो स्वतः स्वयंपाक शिकला होता आणि माझ्यापेक्षा चांगला करू लागला होता.

विद्यार्थी विचारतात, मॅडम, ही तहानेची कल्पना तुम्हाला सुचली कशी? मी सांगते, त्या वर्षी टँकर आला नव्हता. ते हसतात, मी पुढची काच लावते आणि त्यांना डोळा लावायला सांगते.